शेअर बाजाराचे आलेख: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. आलेखावरची आकृती ओळखता येते, परंतु तिच्याखाली दिसणाऱ्या उलाढालीचा अर्थ लागत नाही, असे वाचक कळवतात. म्हणून हा संपूर्ण अंक भाव आणि उलाढाल यांच्या नात्यालाच देत आहे.

प्रश्न: मी कांद्याचा व्यापारी आहे. आमच्या बाजार समितीत आवक वाढली की भाव उतरतो, हे आम्ही रोज पाहतो. शेअरच्या आलेखाखालचे उभे स्तंभ वाढले की मात्र भाव वाढणार, असे सांगतात. हे उलटे कसे? (एक वाचक, निफाड तालुका)

उत्तर: आपण तुलना करत आहात त्या दोन गोष्टी एक नाहीत. आवक म्हणजे विकण्यासाठी आवारात आलेला माल. लिलाव सुरू होण्याच्या आधीच तो मोजता येतो आणि तो पूर्णपणे विक्रेत्याच्या बाजूचा असतो. शेअरच्या आलेखाखालचा स्तंभ मात्र प्रत्यक्षात हस्तांतरित झालेले समभागच मोजतो. दहा लाख समभागांची उलाढाल झाली, याचा अर्थ दहा लाख समभाग कोणीतरी विकले आणि तेवढेच कोणीतरी घेतले, इतकाच आहे. आवकेच्या जवळ जाणारी गोष्ट शोधायचीच असेल, तर ती खरेदी-विक्रीच्या प्रलंबित मागण्या दाखवणाऱ्या पाच ओळींच्या तक्त्यातील विक्रीच्या बाजूला सापडेल. परंतु तिथल्या मागण्या क्षणात रद्द करता येतात, त्यामुळे आवारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरइतका भरवसा त्यांच्यावर ठेवता येत नाही.

त्यामुळे 'उलाढाल वाढली, म्हणजे मागणी वाढली' हे विधान मुळातच अपुरे आहे. कोणत्या बाजूला अधिक घाई होती, हे भाव सांगतो, आणि त्या घाईत किती जण सामील होते, हे उलाढाल सांगते. उलाढाल मोठी असताना भाव दिवसाच्या उच्चांकाजवळ बंद झाला, तर खरेदीदाराने वरचा भाव मोजूनही माल उचलला, असे म्हणता येते. परंतु समभाग बराच काळ चढत आलेला आहे, उलाढाल नेहमीपेक्षा कितीतरी मोठी आहे आणि तरीही भाव जागचा हलत नाही, असे दिसले, तर तिथे आपला बाजार समितीचा अनुभव नेमका कामी येतो. मागणी आहे, परंतु तेवढाच माल समोरून ओतला जात आहे. आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. भाव चढायला खरेदीदार लागतोच, परंतु भाव उतरायला विक्रीचा जोर लागतोच असे नाही. खरेदीदार नुसते मागे सरले, तरी थोड्याशा उलाढालीवर समभाग घसरत राहतो. म्हणून 'उलाढाल कमी आहे, तेव्हा ही घसरण खरी नाही' या दिलाशावर मी कधीही विसंबणार नाही.

प्रश्न: एका मध्यम आकाराच्या कंपनीचा समभाग आठ महिने ४२० रुपयांच्या वर टिकत नव्हता. गेल्या महिन्यात एके दिवशी तो ४१८ वरून ४३४ पर्यंत गेला. रोजची सरासरी उलाढाल ८ लाख समभागांची असताना त्या दिवशी ती २४ लाखांची झाली. ब्रेकआउट, म्हणजे भावाने अडथळ्याची पातळी ओलांडली, असे समजून मी दुपारी ४३१ ला खरेदी केली. दिवसअखेर भाव ४२३ वर आला आणि पुढच्या आठवड्यात ४०५ झाला. उलाढाल तिप्पट असूनही ब्रेकआउट फसला कसा? रोज साधारण ४५ टक्के डिलिव्हरी असते, त्या दिवशी १५ टक्के होती, हेही कळवतो. (एक वाचक, सांगली)

उत्तर: आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपण पत्राच्या शेवटच्या ओळीत स्वतःच दिले आहे. ८ लाखांचे ४५ टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार समभाग. २४ लाखांचे १५ टक्के म्हणजेही ३ लाख ६० हजार समभागच. म्हणजे उलाढाल तिप्पट झाली, परंतु दिवस संपल्यावर प्रत्यक्ष एका डीमॅट खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेला माल रोजच्याइतकाच राहिला. वाढलेले १६ लाख समभाग त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकले गेलेले, म्हणजे इंट्राडे व्यवहारांचे होते. त्या खरेदीदारांना साडेतीनच्या आत बाहेर पडायचेच होते, आणि ४३४ वरून ४२३ पर्यंतची घसरण बव्हंशी त्यांच्याच बाहेर पडण्याने झाली असावी.

डिलिव्हरीचा आकडा राष्ट्रीय शेअर बाजार रोज बाजार बंद झाल्यावर प्रसिद्ध करतो, त्यामुळे दुपारी खरेदी करताना तो आपल्यासमोर असणे शक्यच नव्हते. याच कारणासाठी दैनंदिन आलेखावरच्या ब्रेकआउटवर निर्णय घेणाऱ्याने दिवस पूर्ण होऊ द्यावा, असे माझे मत आहे. बंद भाव पाहिला असता, तर डिलिव्हरीच्या आकड्याचीही गरज पडली नसती. ४१८ ते ४३४ या पट्ट्यात ४२३ हा बंद भाव खालच्या एक-तृतीयांश भागात येतो. त्या दिवसाच्या कँडलच्या, म्हणजे उघडता, बंद, उच्च व नीच भाव दाखवणाऱ्या आकृतीच्या, डोक्यावर जी लांब वात उमटली, ती वरच्या भावाला विक्रेते हजर असल्याची नोंद आहे. हे विक्रेते कोण असतात, याचाही विचार करावा. आठ महिन्यांपूर्वी ४२० च्या आसपास घेऊन अडकलेले लोक 'आपला भाव आला की सुटू' म्हणून थांबलेले असतात, आणि अडथळ्याची पातळी बऱ्याच अंशी त्यांच्याच विक्रीने तयार होते. हा सगळा माल कोणीतरी उचलल्याखेरीज ती पातळी खऱ्या अर्थाने ओलांडली जात नाही.

येथे एक बारकावा सांगणे आवश्यक आहे, कारण पैशांच्या अंतराने पातळी ओलांडली की अनेक जण ब्रेकआउट झाला असे धरून चालतात. राष्ट्रीय शेअर बाजारात रोख समभागाचा बंद भाव वर्षानुवर्षे शेवटच्या अर्ध्या तासातील व्यवहारांच्या, उलाढालीनुसार भारित केलेल्या सरासरीने ठरत आला आहे. शेवटचा व्यवहार ज्या भावाला झाला तो भाव आणि अधिकृत बंद भाव यांत म्हणूनच फरक पडतो, आणि मिनिटांच्या आलेखावर ४२० च्या वर दिसणारा समभाग दैनंदिन आलेखावर खाली बंद झालेला असू शकतो.

तरीही डिलिव्हरीच्या टक्केवारीला देव मानू नये. डिलिव्हरी देणाराही कोणीतरी असतोच, म्हणजे तिथेही एक विक्रेता आपला जुना माल कायमचा सोडून देत असतो. आज घेऊन उद्या विकणाऱ्याची खरेदीही आजच्या डिलिव्हरीत मोजली जाते. उलाढाल फुगण्याची काही कारणे तर त्या समभागाच्या भवितव्याशी जवळजवळ असंबद्ध असतात. निफ्टीच्या निर्देशांकांतील फेरबदल मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस, तर एमएससीआय या जागतिक निर्देशांक काढणाऱ्या संस्थेचे फेरबदल फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये अमलात येतात. निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या फंडांना त्या दिवशी भाव न पाहता खरेदी-विक्री करावीच लागते. कंपनीच्या एकूण समभागांपैकी ०.५ टक्क्यांहून अधिक समभागांचा व्यवहार एकाच ग्राहकाने केला, तर तो बल्क डील म्हणून त्याच संध्याकाळी जाहीर होतो. आपल्या २४ लाखांत असे काही होते का, हे त्या दिवसाच्या यादीत पाहावे. शिवाय आलेखावर बहुधा एकाच शेअर बाजाराची उलाढाल दिसते. मुंबई शेअर बाजारात अधिक उलाढाल असलेले काही समभाग आजही आहेत, आणि त्यांच्या बाबतीत राष्ट्रीय बाजाराचा आलेख पाहणे म्हणजे अर्धेच पाहणे होय.

आता पुढच्या वेळी काय करावे? ४२० च्या बऱ्यापैकी वर बंद भाव मिळाला, तरी मी दुसऱ्याच दिवशी धावणार नाही. खरा ब्रेकआउट बहुतेकदा त्या पातळीपर्यंत पुन्हा उतरतो, आणि उतरताना उलाढाल आटलेली असेल व भाव ४२० च्या आसपास स्थिरावत असेल, तर तिथे खरेदीला आधार मिळतो. कधी कधी समभाग मागे वळून पाहतच नाही आणि संधी हुकते. ती हुकू देण्याची तयारी ठेवावी. दुसरी गोष्ट खरेदीच्या आकाराची. ४३१ ला खरेदी करताना 'ही आकृती कुठे खोटी ठरेल' हा प्रश्न विचारला असता, तर उत्तर दिवसाचा नीचांक, म्हणजे ४१८, असे आले असते. प्रत्येक समभागामागे धोका १३ रुपयांचा. तीन लाखांच्या भांडवलावर एका व्यवहारात एक टक्का, म्हणजे तीन हजार रुपये गमावण्याची तयारी असेल, तर ३,००० भागिले १३, म्हणजे २३० समभाग घेता येतात. आपण किती घेतले होते, हे पत्रात नाही. हा भागाकार खरेदीच्या आधी कागदावर करण्याची सवय मात्र अवश्य लावून घ्यावी.

प्रश्न: मी बँकेतून निवृत्त झालो असून काही मोजक्या समभागांचे आलेख अनेक वर्षे आलेख-कागदावर हाताने काढतो. रिलायन्सचा माझा आलेख आणि संगणकावरचा आलेख यांचा मेळ बसत नाही. माझ्या कागदावर जिथे भाव २,६५५ आहे, तिथे संगणकावर त्याच्या निम्मा दिसतो. चूक कोणाची? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: चूक कोणाचीही नाही. आपण त्या दिवशीचा प्रत्यक्ष भाव लिहिला आहे, आणि संगणकाने तो नंतरच्या बोनसनुसार मागे जाऊन बदलला आहे. रिलायन्सने एकास एक बोनस दिला, म्हणजे प्रत्येक समभागामागे एक समभाग मोफत दिला; त्याची नोंदणीची तारीख २८ ऑक्टोबर २०२४ होती. त्या दिवसापासून समभागांची संख्या दुप्पट आणि भाव निम्मा झाला. आपल्या कागदावर त्या जागी ५० टक्क्यांची दरी दिसत असणार, परंतु ती मंदी नव्हे. मागचे सर्व भाव दोनाने भागावेत आणि, हे अनेक जण विसरतात, मागची सर्व उलाढाल दोनाने गुणावी. तसे न केल्यास बोनसनंतरची साधी उलाढालही आधीच्या तुलनेत फुगलेली दिसेल आणि तिच्यातून नसलेले अर्थ निघतील.

याच समभागात २० जुलै २०२३ रोजी आणखी एक जागा आहे, ती आपण वेगळ्या रंगाने दाखवावी. रिलायन्सचा वित्तीय व्यवसाय जिओ फायनान्शियल या नावाने वेगळा झाला तेव्हा बाजार उघडण्यापूर्वी खास सत्र घेऊन रिलायन्सचा नवा भाव ठरवण्यात आला. आदल्या दिवशीचा बंद भाव २,८४१.८५ होता आणि खास सत्रात २,५८० हा भाव निघाला. उरलेले २६१.८५ रुपये जिओ फायनान्शियलचा भाव धरले गेले. व्यवसाय असा वेगळा झाल्यावर मागचे भाव बदलावेत की नाही, याबाबत निरनिराळी संगणकप्रणाली निरनिराळे धोरण ठेवते. त्यामुळे त्या तारखेच्या आरपार जाणारी तिरपी ट्रेंडलाइन, म्हणजे भावाची दिशा दाखवणारी रेषा, एका आलेखावर तुटलेली, तर दुसऱ्यावर शाबूत दिसू शकते. अशा रेषेवरून कोणताही निर्णय घेऊ नये.

हाताने आलेख काढणे कृपया सोडू नका. रोज एक कँडल स्वतः काढणाऱ्याला भावाची चाल जशी उमगते, तशी ती तयार आलेख पाहणाऱ्याला क्वचितच उमगते.

प्रश्न: निफ्टीच्या पाच मिनिटांच्या आलेखावर मला आठवड्यातून दोन-तीनदा 'हेड अँड शोल्डर्स' (दोन खांदे आणि मध्ये उंच डोके अशी तीन शिखरांची) आकृती सापडते. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे उजव्या खांद्याची उलाढाल डाव्या खांद्यापेक्षा कमीही असते. तरी निम्म्या वेळा भाव उलट दिशेने जातो. (एक वाचक, पुणे)

उत्तर: या आकृतीचा मूळ तर्क असा आहे की, तेजीच्या अखेरीस डाव्या खांद्यावर खरेदीदार जोरात असतात, डोक्याच्या वेळी भाव नवा उच्चांक गाठतो परंतु सामील होणारे कमी होतात, आणि उजव्या खांद्यावर भाव जुना उच्चांक गाठू शकत नाही व उलाढालही आटते. शिखरांमधील दोन तळ जोडणारी मानेची रेषा तुटताना विक्रीच्या उलाढालीने आकृती पूर्ण होते. हा तर्क आठवडे-महिने चालणाऱ्या आकृतीसाठी आहे. पाच मिनिटांच्या आलेखावर तो का फसतो, याची कारणे आलेखाच्या घड्याळातच आहेत.

बाजार सव्वानऊला उघडतो तेव्हा रात्रभरच्या बातम्यांवरचे व्यवहार एकदम होतात आणि उलाढाल मोठी असते. बारा ते दीडच्या सुमारास ती बरीच खाली येते, आणि तीननंतर इंट्राडे व्यवहार मिटवण्याच्या गडबडीत ती पुन्हा चढते. हा आकार जवळजवळ रोजचा आहे. आपला डावा खांदा पावणेदहाला आणि उजवा खांदा साडेबाराला तयार झाला असेल, तर उजवीकडे उलाढाल कमी असणारच. त्यातून तेजीचा दम संपल्याचे काहीही सिद्ध होत नाही. दिवसांतर्गत उलाढालीची तुलना करायचीच असेल, तर आज साडेबाराच्या उलाढालीशी मागच्या पंधरा-वीस दिवसांतील साडेबाराची सरासरी उलाढाल ताडून पाहावी.

दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. निफ्टी हा निर्देशांक आहे, त्याची स्वतःची खरेदी-विक्री होत नाही. त्याच्या आलेखाखाली उलाढाल म्हणून जे दिसते, ते त्यातील पन्नास कंपन्यांच्या समभागसंख्येची बेरीज असते. दीडशे रुपयांचा एक समभाग आणि दहा हजारांचा एक समभाग या बेरजेत सारखेच मोजले जातात. स्वस्त समभागांपैकी एखाद्याच्या निकालाच्या दिवशी निफ्टीची उलाढाल फुगलेली दिसेल, तरी तिचा निर्देशांकाच्या दिशेशी संबंध असेलच असे नाही. त्यापेक्षा निफ्टीच्या वायद्याची, म्हणजे पुढच्या ठरलेल्या तारखेच्या सौद्याची, उलाढाल पाहणे बरे, आणि महिन्याची मुदत संपण्याच्या सुमारास चालू व पुढच्या महिन्याच्या वायद्यांची बेरीज करून पाहावी, कारण त्या काळात लोक आपले सौदे पुढे ढकलत असतात.

बातमीपुढे आकृती किती तोकडी पडते, याचे उदाहरण आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर घडले. ३ जून २०२४ रोजी, मतदानोत्तर चाचण्यांनंतर, निफ्टी तोवरचे सर्व उच्चांक ओलांडून २३,२६३.९० वर बंद झाला. दैनंदिन आलेखावर याहून देखणा ब्रेकआउट मागूनही मिळाला नसता, आणि बंद भावही वरच्या पट्ट्यातच होता. दुसऱ्या दिवशी लोकसभेचे निकाल वेगळे लागत गेले, दिवसभरात निर्देशांक २१,२८१ पर्यंत कोसळला आणि २१,८८४.५० वर बंद झाला, म्हणजे एका दिवसात जवळपास सहा टक्के गेले. ज्यांनी ४ तारखेला घाबरून विकले, त्यांच्यासमोर ७ जूनला निफ्टी २३,२९० वर, म्हणजे ३ जूनपेक्षाही वर बंद झाला. या पाच दिवसांत आकृती वाचणाऱ्याची चूक नव्हती. ठाऊक असलेल्या तारखेला मोठा निकाल येणार असताना आलेखावर पूर्ण आकाराचा सौदा करणे, ही चूक होती.

आपण निफ्टीचे ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाला खरेदी किंवा विक्री करण्याचे हक्क, घेत असाल, असा माझा अंदाज आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनमधील ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला आणि तो एकत्रित १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. दलाली, कर आणि ऑप्शनच्या किमतीतून दररोज झिजणारे मूल्य वजा केल्यावर निम्म्या वेळा बरोबर येणारी आकृती तोट्याचीच ठरते. वर्षभर दैनंदिन आलेखावर, रोख समभागांत, छोट्या आकाराने काम करून पाहावे, असा माझा आपल्याला कळकळीचा सल्ला आहे.

प्रश्न: सर्वांत भरवशाची कँडल कोणती? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: एकटी कँडल कोणतीही भरवशाची नाही. महत्त्वाच्या आधार पातळीवर, मोठ्या घसरणीनंतर, मोठ्या उलाढालीसह उमटलेला हॅमर, म्हणजे छोटे अंग आणि खाली लांब वात असलेली कँडल, विचारात घेण्याजोगा असतो. तोच हॅमर पट्ट्याच्या मधोमध उमटला, तर त्याकडे पाहायचेही कारण नाही.

प्रश्न: टेलिग्रामवरच्या एका गटात सुचवलेला समभाग मी घेतला. तो गेले दहा दिवस रोज ५ टक्क्यांच्या वरच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जिथवर चढू शकतो त्या मर्यादेला, बंद होतो. उलाढाल मात्र फारच थोडी आहे. डिलिव्हरी १०० टक्के आहे, म्हणजे मोठे लोक साठवत आहेत, असे गटात सांगतात. अजून घ्यावा का? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर: अजून घेऊ नये. प्रथम डिलिव्हरीचे पाहू. ज्या समभागांवर शेअर बाजार खास देखरेख ठेवतो, त्यांतील अनेकांना 'ट्रेड टू ट्रेड' विभागात टाकले जाते. तिथे घेतलेला समभाग त्याच दिवशी विकण्याची सोयच नसते, प्रत्येक व्यवहाराची डिलिव्हरी सक्तीची असते. तिथे १०० टक्के हा नियमाचा परिणाम आहे, मोठ्या गुंतवणूकदारांच्या विश्वासाचे ते लक्षण नव्हे. आपला समभाग कोणत्या विभागात आहे, हे बाजाराच्या संकेतस्थळावर त्याच्या नावापुढे दिसेल. राष्ट्रीय बाजारात तिथे 'बीई' असे लिहिलेले असते.

वरच्या सर्किटला उलाढाल थोडी असते, कारण त्या भावाला घेणारे रांगेत उभे असतात आणि विकणारा कोणी नसतो. ज्यांच्याकडे माल आहे, ते तो रोखून धरत असतात. म्हणून अशा समभागात थोड्या उलाढालीपेक्षा ज्या दिवशी अचानक प्रचंड उलाढाल होते, त्या दिवशी सावध राहावे. रांगेतल्या सर्वांना त्या दिवशी माल मिळतो, आणि तो देणारा ज्याची वाट पाहत होता ते त्याला मिळालेले असते. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या समभागाबाबत सेबीने २ मार्च २०२३ रोजी दिलेल्या अंतरिम आदेशात हाच क्रम नोंदवला आहे. जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवर कंपनीबद्दल खोटी माहिती देणाऱ्या चित्रफिती आल्या, भाव आणि उलाढाल दोन्ही चढली, हजारो लहान गुंतवणूकदार खरेदीला उतरले, आणि त्याच काळात प्रवर्तकांसह काही मोठ्या भागधारकांनी आपला माल त्यांना विकला. त्या दिवसांचा आलेख पाहणाऱ्याला ती 'उलाढालीसह तेजी' वाटली असती.

आता आपला हिशेब. १०० रुपयांचा समभाग दहा वेळा ५ टक्के चढला, की १६३ होतो. तिथून दहा वेळा ५ टक्के उतरला, की साडेसत्त्याण्णववर येतो. उतरताना अडचण अशी की, खालच्या सर्किटला खरेदीदारच नसतो, त्यामुळे स्टॉपलॉस, म्हणजे ठरावीक भावाला आपोआप विक्री करण्याची सूचना, लावलेला असला तरी तो फक्त विक्रीच्या रांगेत जाऊन उभा राहतो. विक्री आज, खरेदीदार रांगेत असतानाच होऊ शकते. निदान आपले मूळ भांडवल निघेल इतके समभाग उद्या सकाळीच विकून टाकावेत. पूर्ण विकलेत, तर अधिक बरे.

त्या गटातील सल्लागाराला त्याचा सेबी नोंदणी क्रमांक विचारावा. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक 'आयएनएच'ने आणि गुंतवणूक सल्लागाराचा 'आयएनए'ने सुरू होतो, आणि दोन्ही याद्या सेबीच्या संकेतस्थळावर नावासह पाहता येतात. क्रमांक मिळाला नाही, किंवा यादीतल्या नावाशी जुळला नाही, तर त्या गटातील संदेशांची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवावीत आणि सेबीला लेखी कळवावे. गट सोडण्यापूर्वी ही छायाचित्रे घ्यावीत, कारण गट बंद झाला की संदेशही दिसेनासे होतात.